अर्धी टाकी

ट्रक अकराशे डॉलरला मिळाला,
चावी वेगळी शोधावी लागली.
हूमाच्या धक्क्यावर कोळंबीचा बर्फ वाहायचा तो,
वीस वर्षं गळत उभा असायचा.
आमच्या दारात आला तेव्हा शेजारच्या मांजरांनी
तीन दिवस त्याची पाठ सोडली नाही.

पापा म्हणाला, इंजिन चांगलं आहे.
स्थळ सांगताना म्हणतात ना,
स्वभाव चांगला आहे,
तसं.

तळाला ताटलीएवढं भोक, त्यातून रस्ता दिसतो.
लहान असते तर खडे टाकत बसले असते.
एकोणीस वर्षांची आहे, म्हणून
तारेच्या ब्रशनं गंज खरवडते.
भगवं पीठ केसांत, भुवयांत,
सँडविचच्या पावात.

ओडील काका वेल्डिंग करतो आणि बोलतो.
ब्रेकची नळी काढली की एक गोष्ट,
रेडिएटर उतरवला की दुसरी.
प्रत्येक गोष्ट फिरून फिरून खाडीतच जाते,
आणि ऐन वळणावर पापाकडे बघून
तो थांबतो,
पाना मागतो,
जो त्याच्याच हातात असतो.

आमच्या नावेचं नाव ल्युसिल.
कोळंबीचा भाव उतरला, डिझेलचा चढला,
मधल्या फटीत ती बुडाली,
मार्चमधल्या एका कोरड्या दुपारी,
बँकेतल्या टेबलावर.
नाव गेली, नाव राहिलं:
पापाच्या दंडावर, निळ्या शाईत,
आता जरा पसरट.

इथल्या भिंती हिरव्या होतात.
उत्तरेकडून शेवाळ चढतं, मुकाट्यानं,
पाहुणे यायच्या आठवड्यात लोकांना ते दिसतं,
आणि धुवायला लोक पैसे देतात.
म्हणून हा पंप, हा दोनशे फुटांचा पाइप,
ब्लीचचे कॅन,
आणि मागे पांढरी टाकी,
पावणेतीनशे गॅलनची.

भरलेली टाकी शहाण्यासारखी बसते.
रिकामी तर काय, पोकळ वाजते.
पण त्या दिवशी अर्धी होती.
कालव्यावरच्या पुलावरून उतरताना
पापानं ब्रेक दाबला.
ट्रक थांबला. पाणी थांबलं नाही.
उथळ पाण्याला खळखळाट फार, म्हणणारा
अर्धी टाकी घेऊन कधी पुलावरून उतरला नसणार.
खळखळाट नाही होत.
पाठीत धक्का बसतो,
ओळखीच्या कुणी ढकलावं तसा,
आणि आपण लाल दिव्यापलीकडे
चौकाच्या मधोमध असतो,
चारी बाजूंनी हॉर्न.

पापाचे हात स्टिअरिंगवर तसेच.
वादळात मी पाहिलेत ते हात,
तेव्हा कापत नव्हते.

रात्री शेडमध्ये दिवा.
मी जाळीतून पाहिलं:
पोत्यातून जाळ्याचे तरंगते गोळे काढतोय,
नारिंगी, पांढरे, उन्हानं विटलेले,
ल्युसिलच्या विक्रीच्या यादीत नव्हते ते.
एकेक शर्टाला पुसतो,
टाकीच्या तोंडातून आत सोडतो.
टप्.
टप्.
मी त्रेसष्टपर्यंत मोजले,
मग मोजणं बरोबर वाटेना.

सकाळी पुन्हा तोच पूल, पुन्हा अर्धी टाकी.
पापानं ब्रेक मुद्दाम जोरात दाबला.
मागे गोळे एकमेकांना धडकले,
पाण्याला जायला सलग वाटच उरली नाही,
आणि ते निवलं.
दिवा हिरवा झाला तरी
आम्ही क्षणभर तिथेच.
मागच्यानं हॉर्न दिला.

पहिलं गिऱ्हाईक मिसेस पेल्टिए.
फक्त रस्त्याकडची भिंत, पैसे तेवढेच, बजावलं तिनं.
फवारा लागला तशी
हिरव्याखालून पिवळी भिंत वर येऊ लागली,
हा रंग होता होय, ती म्हणाली,
आणि नाक उडवून:
तुमच्या पाण्याला कोळंबीचा वास येतोय का?

येतोय, पापा म्हणाला,
आणि पंप वाढवला.

पंचेचाळीस डॉलर मिळाले, पिकानचा अर्धा पाय,
आणि शुक्रवारी मागची भिंत.

ओडील काका म्हणतो, दारावर काही तरी रंगवा आता,
धंदा आहे, नाव हवं.
पापा चाकाचा नट आवळत म्हणतो,
बघू.